दिवा मालवणारा खुनी

कपडेपटातल्या मावशींनी पहिला खून केला तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि गळ्यात मोजपट्टी. टाचण्या काढायलाही कुणी सवड दिली नाही. "मावशी, अशाच चला! वळू नका, वळू नका!" असं कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडलं आणि ओठ घट्ट मिटून त्या चालत राहिल्या. पुढे टेबलावर वाकून एक घड्याळजी काम करत बसला होता. मावशींनी हाताला लागलेली छत्री वर उचलली आणि खाली आणली. घड्याळजी बिचारा लगेच मरून मोकळा झाला आणि जेवायच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

त्याचं असं झालं. टीव्हीवर 'गाठ सुटेना' नावाची माहितीपटांची मालिका चालू होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे गाजलेले खून, ज्यांचा खुनी कधी सापडलाच नाही, असे एकेक उकरून काढायचे. भारदस्त आवाजाचा निवेदक ओल्या फरसबंदीवरून चालत यायचा, कॉलर वर करायचा आणि म्हणायचा, "सत्य आजही अंधारात आहे." मग पिवळे पडलेले फोटो, दोन-तीन विद्वान, आणि मधूनमधून नट घेऊन उभा केलेला त्या काळातला प्रसंग. संशयित भरपूर. पुतण्या, भागीदार, दुसरी बायको. त्या सगळ्यांना चेहरे होते. चेहरा नव्हता तो फक्त खुन्याला, कारण तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो नेहमी पाठमोरा. लांब ओव्हरकोट, खाली ओढलेली हॅट, आणि पाठ.

वरवर सोपं वाटतं, पण पाठ म्हणजे काय थट्टा आहे? आधी जो नट ही पाठ करायचा तो व्यायामशाळेत घडवलेला होता. तो पडद्यावर आला की लोक म्हणायचे, "हा तर पुतण्या! खांदे बघा की!" एकदा तर एका संशयिताच्या पणतूने वाहिनीला फोन करून दम भरला, की आमच्या पणजोबांची बदनामी थांबवा. तेव्हा दिग्दर्शिकेने, पोर मावशींची लेक शोभेल अशा वयाची, पण आवाज फौजदाराचा, फर्मान काढलं, "मला कुणासारखीच नसलेली पाठ आणून द्या."

अशी पाठ बाजारात मिळते थोडीच! सगळे शोधून दमले. मावशींची सवय अशी, की कोट शिवून झाला की तो स्वतःच्या अंगात घालून चालून बघायचं. कापड खुंटीवर खोटं बोलतं, चालत्या अंगावर खरं बोलतं, असं त्या म्हणत. त्या दिवशी कोटाचा घेर नीट पडतो का हे बघायला त्या हॅटसकट सेटच्या कडेने निघाल्या, आणि दिग्दर्शिका किंचाळली, "हीच! हीच ती पाठ!"

मावशींचं सगळं आयुष्य विंगेत गेलेलं. आधी फिरत्या नाटक कंपनीत, मग स्टुडिओत. राजांची बटणं त्यांनी लावली, राण्यांचे घेर उचलून धरले, मरायला निघालेल्या नायकाला रक्ताच्या डागांचा सदरा अंधारात चढवून दिला. तिसरी घंटा झाली की जाणारे उजेडात जायचे आणि मावशी सुईत दोरा ओवत अंधारात राहायच्या. प्रेक्षकांना त्यांचं दर्शन घडलं ते एकदाच. राजा मुकुट विसरून सिंहासनावर जाऊन बसला, तेव्हा पडद्याच्या फटीतून मुकुट धरलेला एक हात बाहेर आला. अख्खं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. हाताला मिळालेल्या त्या टाळ्या मावशींनी जन्मभर पुरवून पुरवून वापरल्या.

तेव्हा पाठ तर पाठ! त्या दिवशी घरी जाताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. नवऱ्याला आधी सांगायचं नाही, हे त्यांनी जिन्यातच ठरवलं. रविवारी टीव्हीवर बघू देत. कसे उडतील!

नवरा म्हणजे फोटोग्राफर. चौकातल्या चिंचोळ्या दुकानात उभा जन्म पासपोर्टचे फोटो काढण्यात गेलेला. समोर येईल त्याला "इकडे बघा, हनुवटी जरा खाली" म्हणायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना हनुवटीकाका म्हणे. एकदा चेहरा पाहिला की मरेपर्यंत विसरत नाही, हा त्यांचा दावा, आणि तो खराही होता. भर बाजारात एखाद्या अनोळखी गृहस्थाला थांबवून विचारायचे, "काय हो, भुवईवरच्या व्रणामुळे फोटो परत आला होता ना तुमचा? मग झालं का काम?" तो गृहस्थ गार.

दुकान आता भाच्याकडे होतं आणि काकांची सगळी नजर रिकामी पडली होती. ती त्यांनी 'गाठ सुटेना'च्या सेवेला लावली. दर रविवारी संध्याकाळी ते टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसत. पलीकडच्या गल्लीत राहणारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मावशींची नणंद, बिस्किटांचा डबा घेऊन हजर होई. दुसऱ्या जाहिरातीच्या आत काका खुनी पकडत.

"शंभर वर्षं पोलिसांनी नुसता घोळ घातला! अरे, त्या भागीदाराचे कान बघा. असे कान सज्जन माणसाला असतात का?"

"दादा, तुझेही तसेच आहेत," नणंद म्हणे.

तर तो रविवार आला. घड्याळजीच्या दुकानाचं दार किलकिलं झालं आणि पडद्यावर पाठ उगवली. मावशी पडद्याऐवजी काकांकडेच बघत होत्या. इतकी वर्षं एका घरात, एका ताटलीतली बिस्किटं खाल्लेली. आता ओरडतील, मग ओरडतील.

"बोलू नका कुणी!" काका पुढे झुकले. डोळे बारीक केले. "पुरुष. पन्नाशीचा. बोटीवर काम केलेला. आणि डाव्या पायाला जुनी गोळी लागलेली आहे. लिहून ठेवा."

मावशींच्या डाव्या तळव्याला कुरूप झालं होतं. त्याच सकाळी काकांनी स्वतःच्या हाताने त्यावर पट्टी चिकटवून दिली होती.

"अहो, नीट बघा," मावशी म्हणाल्या. "कुणी ओळखीचं वाटतंय का?"

"वाटतंय ना! आपल्या बँकेच्या दारावरचा पहारेकरी. हुबेहूब!"

तो पहारेकरी म्हणजे कपाटाला मिशा लावलेल्या. मावशी जागच्या उठल्या आणि तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. नणंदेने जाणाऱ्या वहिनीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा वहिनीकडे पाहिलं, आणि तिच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

"वहिनी!" ती मागोमाग आत धावली. "अगं, ती तू आहेस!"

"हळू बोल, बाई!"

"मी नाही ओळखणार? तू रुसून आत जातेस ती पाठ मी जितकी पाहिलीय ना, तितका तुझा चेहरासुद्धा पाहिला नसेल. थांब, दादाला सांगते."

"खबरदार!" मावशींच्या हातात चिमटा होता. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. त्यांना कुणी सांगायचं नाही. स्वतः ओळखू देत."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर मी खून करत राहीन."

आणि खरोखर राहिल्या. गाणारीण, बँकेचा मालक, दोन बायकांचा दादला असलेला एक डॉक्टर, लॉटरी लागलेला एक पाव भाजणारा. एकेकाला मावशींनी वाटेला लावलं. सकाळी उशीखाली गायिकेला गुदमरवायचं आणि येताना कोथिंबिरीची जुडी आणायची, असा दिनक्रम झाला. प्रत्येक खुन्याची चाल निराळी हवी म्हणून त्या घरी सराव करत. बोळकंडीतून कधी मांजरासारखं यायचं, कधी दारू प्यायलेल्यासारखं, कधी वारसा हक्क मिळणार असल्यासारखं. काका वर्तमानपत्रामागून म्हणत, "अगं, कंबर धरलीय का? शेक घे." स्टुडिओत मरायला येणारे नटही मावशींच्या पाया पडून मरू लागले. "मावशींच्या हातून मरण आलं की लागत नाही," असं एकजण सगळ्यांना सांगत फिरायचा.

आता मावशींच्या हातून एक चूक झाली, आणि ती झाली हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

काकांना सगळं येत होतं, एक दिवा बंद करणं येत नव्हतं. खोलीतून उठले की दिवा तसाच, न्हाणीघरातून आले की तिथलाही तसाच. फोटोच्या दुकानात जन्मभर दिव्यांत उभे राहिल्यामुळे उजेड म्हणजे त्यांना हवेसारखा वाटे, तो आपोआपच असायचा. त्यामुळे लग्न झाल्यापासून मावशींचा उजवा हात रिकाम्या खोलीतून बाहेर पडताना बटणाकडे जाणारच. श्वासासारखी सवय. ती सवय त्यांनी ओव्हरकोट घालताना काढून ठेवली नाही. डॉक्टरला संपवून बाहेर पडताना त्यांनी जाता जाता टेबलावरचा दिवा मालवला. अंधारात विरत जाणारी पाठ इतकी सुंदर दिसली, की दिग्दर्शिकेने तसंच ठेवलं. पुढच्या खुनात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खुनातही तेच.

प्रेक्षकांनी ते बरोब्बर टिपलं. पत्रांचा पाऊस पडला. चाळीस-चाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या खुनांत खुनी जाताना दिवा का मालवतो? एका दाढीवाल्या विद्वानाने टीव्हीवर येऊन सांगितलं, की ही एका गुप्त संघाची खूण असावी, जो पिढ्यानपिढ्या श्रीमंतांचे दिवे विझवत आला आहे. निवेदकाने कॉलर वर केली. चहाच्या दुकानांत वाद झडले. 'दिवा मालवणारा खुनी' अशी ठळक अक्षरं पेपरात आली. मावशी ती बातमी वाचून कोटांच्या ढिगावर पडून इतक्या हसल्या, की एका सेनापतीची बाही फाटली.

काकांचं मत अर्थातच सर्वांत वेगळं. "संघबिंघ काही नाही. माणूस कंजूष आहे! समोर मुडदा पडलाय, आणि हा तेल वाचवतोय. तेलाचा घाऊक व्यापारी, लिहून ठेवा."

"अहो, न्हाणीघरातला दिवा जळतोय!" मावशी आतून ओरडल्या.

"जळू दे गं! इथे खुनी सापडतोय!"

नणंदेने तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि ती खुर्चीवरून जवळजवळ खाली आली.

हसता हसता एखाद्या दिवशी मात्र मावशी गप्प होत. दुपारी काका झोपले, की कपाटाच्या आरशाकडे पाठ करून, हातातल्या छोट्या आरशात त्या बघत. मानेवरचा अंबाडा, थोडा उतरलेला उजवा खांदा. कुणासारखीच नसलेली पाठ! त्या शब्दांचा आधी मोठा अभिमान वाटला होता. आता वाटे, म्हणजे माझ्यासारखीसुद्धा नाही की काय? सगळं शहर ह्या पाठीवर वाद घालतंय, आणि ज्याने ओळखावी तो पहारेकऱ्याचं नाव घेतोय.

आणि मग दिग्दर्शिकेने ती बातमी दिली. मालिका संपत होती. शेवटच्या भागात खुनी वळणार होता!

"मावशी, अख्खी दुनिया विचारतेय की ही पाठ कुणाची. शेवटच्या प्रसंगानंतर एक जाहिरात, आणि मग तुम्ही हॅट काढून कॅमेऱ्याकडे वळायचं. नुसतं हसायचं. काय मजा येईल!"

कुणीही उडी मारली असती. मावशींनी आयुष्यभर ह्याच उजेडाकडे विंगेतून पाहिलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला. एकदा तोंड दिसलं की काका ओळखणारच. चेहरे तर ते बँकेच्या रांगेतलेही ओळखतात. मग सगळ्या दुनियेने ओळखलं आणि त्यांनीही ओळखलं, त्यात काय राहिलं?

"थोडं पुढे नाही ढकलता येणार?" त्यांनी विचारलं.

"मालिकाच संपतेय, मावशी. पुढे ढकलायला पुढे काही नाही."

म्हणजे काकांना शेवटची संधी होती ती जाहिरातीपर्यंत.

शेवटचा खून छत्र्यांच्या कारखान्याच्या मालकाचा. आणि त्यात एक अट होती. जुन्या नोंदींप्रमाणे सकाळी त्याच्या टेबलावरचा दिवा जळत असलेला सापडला होता. "तेव्हा मावशी, ह्या वेळी दिवा मालवायचा नाही," दिग्दर्शिकेने बजावलं. मावशींनी "बरं" म्हटलं, मालकाचा गळा आवळला, दाराकडे वळल्या आणि दिवा मालवला. "कट!" पुन्हा गळा, पुन्हा दार, पुन्हा अंधार. मालक झालेला नट म्हणाला, "मावशी, दिवा राहू दे, माझा गळा राहत नाही." अखेर मावशींनी उजवा हात कोटाच्या खिशात खुपसला आणि आतलं अस्तर मुठीत गच्च धरलं. दारापाशी पाय थबकले. हात खिशातच राहिला, पण खांदा वर आला, क्षणभर तसाच राहिला आणि हळूच खाली गेला. मग त्या बाहेर पडल्या. मागे दिवा जळत राहिला.

"मस्त!" दिग्दर्शिका म्हणाली. वळून हसण्याचा प्रसंग त्यानंतर पहिल्याच फटक्यात झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी त्या ऐकल्या, पण लक्ष रविवारकडे होतं.

रविवारी संध्याकाळी नणंद वेळेआधीच आली. बिस्किटांचा डबा आणायची विसरली. काका खुर्चीत बसून हात चोळत होते.

"आज तोंड दाखवणार म्हणे खुन्याचं! मी आधीच सांगून ठेवतो, तेलाचा व्यापारी."

"दादा, नीट बघ रे," नणंद म्हणाली. "आज तरी नीट बघ."

"मी कधी नीट बघत नाही?"

मावशींनी मांडीवर एक सदरा घेतला होता आणि त्याच त्या बटणाला त्या टाके घालत होत्या. आतल्या न्हाणीघरातून उजेडाची एक पट्टी जमिनीवर आली होती. आज त्यावर ओरडायचंही त्यांना सुचलं नाही.

निवेदक फरसबंदीवरून आला. सत्य अजूनही अंधारातच होतं. जावई, कारकून आणि मालकीणबाई असे तीन संशयित येऊन गेले. काकांनी कारकुनाच्या नाकावर आक्षेप घेतला. मग ती खोली आली, तो दिवा आला, आणि पाठ आली.

"पहारेकरी," काका पुटपुटले.

मावशींच्या सुईतला दोरा तुटला.

मालक मेला. पाठ दाराशी गेली, थबकली. खांदा वर आला. राहिला. खाली गेला. दार लागलं, दिवा जळत राहिला, आणि जाहिरात सुरू झाली. कुणीतरी साबणाच्या फेसात गाणं म्हणायला लागलं.

काकांनी "लिहून ठेवा" म्हटलंच नाही. असं कधी झालं नव्हतं. नणंद त्यांच्याकडे बघत होती, मावशी बटणाकडे. काका सावकाश उठले, आत गेले. टक् असा आवाज झाला आणि जमिनीवरची उजेडाची पट्टी नाहीशी झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात काकांच्या हाताने दिवा बंद झाला होता.

बाहेर येऊन ते मावशींपुढे उभे राहिले.

"जीव अडकला होता ना तुझा त्या दिव्यात?"

मावशींच्या मांडीवरचा सदरा घसरला.

"परक्याच्या घरी गेलो की असंच करतेस," काका म्हणाले. "दवाखान्यात, हिच्या सासरी, कुठेही. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बंद करायचा धीर होत नाही, आणि तसंच पुढे जाववत नाही. मग हा खांदा असा वर येतो. जगात दुसऱ्या कुणाचा येत असेल तर मला आणून दाखवा!"

"दादा!" नणंदेने अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या.

"म्हणजे तो डॉक्टर...?" काकांचा आवाज चढत गेला.

"मीच मारला."

"आणि ती गाणारीण? ती किती छान गात होती गं!"

"उशीने. तिने स्वतःच उशी निवडून दिली."

"आणि मी हिला शेक घे म्हणत होतो! आणि तू! तुला ठाऊक होतं?" ते बहिणीकडे वळले.

"पहिल्या दिवसापासून!"

"घरभेदे! खुनी आणि साथीदार माझ्याच घरात, माझीच बिस्किटं खात होते!"

"बिस्किटं मी आणते!"

तिघंही एकाच वेळी बोलत होते, एकाच वेळी हसत होते. मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या काकांच्या दंडावर थापट्या मारत होत्या. "पहारेकरी म्हणे! कपाट मेलं ते! मी पहारेकरी दिसते?" त्या गोंधळात जाहिराती संपल्या. पडद्यावर पाठ सावकाश वळली, हॅट निघाली, अंबाडा दिसला आणि मावशींचा चेहरा घराघरांत झळकला. सगळ्या शहराने तो पाहिला. ह्या घरात कुणीच पाहिला नाही, कारण काका टीव्हीसमोर आडवे उभे होते आणि कुणीच त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही. फोन वाजायला लागला. जिन्यावर पावलं धडधडली. "वाजू दे," मावशी म्हणाल्या.

काकांनी एकाएकी कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातून जुना कॅमेरा काढला. सदऱ्याच्या टोकाने काच पुसली.

"ऊठ. त्या भिंतीपाशी उभी राहा."

मावशी डोळे पुसून उभ्या राहिल्या, केस नीट केले आणि आयुष्यभराच्या सवयीने कॅमेऱ्याकडे बघितलं.

"अंहं," काका म्हणाले. "पाठ कर."

मावशी वळल्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे नणंद हुंदका की हसू ते न कळणारा आवाज काढत होती, दारावर शेजारीपाजारी थापा मारत होते, आणि काका कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाले,

"खांदे सरळ. हं. हनुवटी जरा खाली."

"अहो, पाठमोरी आहे मी! हनुवटी कुठे दिसतेय?"

"सवय गं," काका म्हणाले, आणि बटण दाबलं.